सौर पंप आला पण माती गेली

संपादक साहेब, नमस्कार.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत आम्हीपण होतो. आणि २०२५ च्या सप्टेंबरात आमच्याच शिवारात सोयाबीन चार दिवस पाण्याखाली, शेंगा हातात घेतल्या तर आतल्या दाण्याला मोड फुटलेले, वास तर सहन होत नव्हता, अन् नदीकाठची माती खरडून जाऊन खाली नुसते दगड उघडे पडले. पीक पुढच्या वर्षी येईल हो, माती कुठून आणायची?

हवामान बदल रोखायला देश काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही. वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा, तेल, गॅस यांच्याशिवायची करायचं टार्गेट २०३० चं होतं, ते २०२५ मध्येच गाठलं, ही मोठी गोष्ट आहे. शेजाऱ्याच्या शेतात सौर पंप आलाय, त्याचं रात्री अपरात्री मोटार चालू करायला जाणं बंद झालं, साप-विंचवाची भीती गेली. पण क्षमता वेगळी अन् प्रत्यक्ष वीज वेगळी, जास्तीत जास्त वीज अजून कोळशाचीच आहे. नेट झिरोचं, म्हणजे हवेत जेवढे तापमान वाढवणारे वायू सोडू तेवढेच परत शोषून घ्यायचं, साल तर २०७०, तोवर माझा नातू म्हातारा होईल.

मला खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हवामान बदललंय हे सगळे मान्य करतात, मग आमच्या ओढ्या-नाल्यांचं खोलीकरण, बांधबंदिस्ती, गावागावात पावसाचा नीट अंदाज याला पैसा का कमी पडतो? निदान खरडलेल्या जमिनीत गाळ टाकायला तरी या उन्हाळ्यात मदत द्या.

– एक शेतकरी, लातूर जिल्हा