चि. मंगेश यास

चि. मंगेश,
अनेक आशीर्वाद.

तुला एसटीत बसवून घरी आले आणि देवळी झाडायला घेतली, तर तुझ्या गोळ्यांचं पाकीट तिथंच. दहातल्या चारच संपलेल्या. विसरून गेलास की मुद्दाम ठेवून गेलास, ते मला विचारायचं नाही. हे पत्र त्यासाठी नाही. सुरेशभाऊ गुरुवारी नागपूरला जाणार आहेत, त्यांच्या हाती तिळाचे लाडू, तुझा निळा शर्ट आणि ते पाकीट देते आहे. फोनवर तू "हो माय, हो माय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. जेलात होतास तेव्हा माझ्या प्रत्येक चिठ्ठीला मात्र उत्तर यायचं. म्हणून लिहायला बसले.

मामींनी मागची खोली दिली ना? ती कोंदट आहे, खिडकी उघडी ठेव. सोबत झोपणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी सांगून टाक की मला लाईट सुरू लागतो. कारण सांगायची गरज नाही. आजी रात्री लाईट बंद करायची आणि तू उठून परत लावायचास, तेव्हा तिला वाटायचं पोरगं बिलाचा विचार करत नाही. बराकीत रात्रभर दिवा जळतो, मध्येच गिनती होते, अंधार झाला की आता काहीतरी होणार असं वाटतं, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि तेही चुलीकडे पाहत. वावरात डुकरांसाठी जागलीला जायचास तेव्हा शेकोटी होती, बाबा होते. आता घरात बसून एकटाच जागल करतोस, आणि कशाची ते सांगत नाहीस.

सुटून आलास त्या रात्री जेवण झालं, हात धुतलास आणि दाराशी जाऊन उभा राहिलास. दार नुसतं लोटलेलं होतं, कडीही नव्हती. तरी तू उभाच, कोणी उघडेल म्हणून. बाबांनी ते पाहिलं आणि ताटावरून उठून गोठ्यात गेले. ते तुझ्यावर चिडले असं तुला वाटलं. चिडले नव्हते. बऱ्याच वेळानं आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, गोठ्यात धूर होता.

तुझ्या त्या दिवसांतल्या एकाच गोष्टीचा मला राग येतो. सुटताना तुझ्या हातात कपड्यांची पिशवी, मजुरीचे पैसे आणि सुटकेचा कागद दिला. आत तुला झोपेसाठी आणि घाबरण्यासाठी औषध सुरू होतं, हे कागदावर कुठंच नव्हतं. मला ते कळलं तोवर औषध बंद पडून कितीतरी दिवस झाले होते. माझ्या आशाताईच्या कामात, गावात बाळंतीण आली की मला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिच्या घरी जावंच लागतं. बाळाचं वजन, ताप, दूध, सगळं विचारून लिहावं लागतं. जेलातून घरी येणाऱ्या माणसासाठी माझ्या रजिस्टरात एक रकानाही नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे जिवाला सगळ्यात जोखमीचे असतात, बाहेरच्या देशांत याचा पुष्कळ अभ्यास झालाय. मग मी माझ्याच मनानं ते दिवस तुझ्यासाठी धरले. चौदाव्या दिवशी तुला यवतमाळला नेलं ते उगीच नव्हतं.

तिथं मी तुझ्या बाजूलाच बसले होते, मॅडमनी काय सांगितलं ते तूही ऐकलंस. ही गोळी डोकं दुखलं म्हणून घ्यायच्या गोळीसारखी नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, कोणाला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळतं, तोंड कोरडं पडतं, आणि तेवढ्यात माणूस म्हणतो की हे औषध मला सोसत नाही. बरं वाटायला लागलं तरी पुढे काही महिने सुरू ठेवायची. बंद करायची तर त्यांना विचारून, हळूहळू. मध्येच तोडली की चक्कर येते, चिडचिड होते, झोप आणखी उडते. तुला भीती वाटते की सवय लागेल. त्यासाठीच मी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि त्या म्हणाल्या, ही झोपेच्या गोळीसारखी सवय लावणारी नाही. नागपूरला मित्र म्हणतील, दोन घोट घे, झोप लागेल. त्या गोळीवर दारू चालत नाही, मंगेश. आणि गोळी नसती तरी

पाहा, भाषण सुरू झालं माझं. घरोघरी बोलून बोलून ही सवय लागली. पत्र त्यासाठी नाही म्हटलं होतं आणि तिथंच आले. माफ कर.

काल अंगणवाडीत गेले होते. तू बसवलेलं दार आता घासत नाही, सेविकाबाईंनी मुद्दाम उघडून-लावून दाखवलं. म्हणाल्या, एवढ्या सफाईचं काम तालुक्याचा सुतार करत नाही. मी काही बोलले नाही, पण घरी येईपर्यंत माझं पाऊल जमिनीवर नव्हतं. तुला आठवतं का, तान्ह्या पोळ्याला सगळ्या पोरांचे विकतचे बैल होते आणि तू बाबांच्या मागं लागून सागाचा तुकडा मिळवलास? आठवडाभर विळ्यानं तासत बसला होतास. बैल झाला खरा, पण एक शिंग मोडलं, मग तू पिठाचं शिंग चिकटवून त्याला हळद लावलीस. बोजारा मागत फिरलास तेव्हा सगळं गाव हसलं आणि सगळ्यात जास्त पैसेही तुलाच मिळाले. रंधा तुझ्या हातात जेलात आला असं लोक म्हणतात. मी म्हणते, तो हात आधीपासूनच होता.

त्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, काय झालं ते मी तुला कधी विचारलं नाही, आताही विचारणार नाही. कोर्टानं जे सांगितलं ते तू भोगलंस. पानठेल्यावर तू गेलास की दोघं-तिघं उठायचे, हे मला ठाऊक होतं. म्हणून तू नागपूर धरलंस, यात तुझं काही चुकलं नाही. आजी तुला धीर द्यायला सांगायची की तुकडोजी महाराजांनाही १९४२ साली इंग्रजांनी नागपूर आणि रायपूरच्या जेलात ठेवलं होतं. तू म्हणालास, "आजी, ते देशासाठी गेले, मी धुऱ्यासाठी." त्यावर ती गप्प बसली. पण मंगेश, माणूस कशासाठी आत गेला यावर त्याची झोप ठरत नाही. तू निर्दोष सुटला असतास तरी अंधारात तुझी छाती धडधडलीच असती. आणि औषध तर गुन्हा पाहून लागू पडत नाही.

आता जे लिहायचं ते लिहून टाकते. आपला जिल्हा आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतला, म्हणून प्रेरणा प्रकल्पात आम्हा आशांना कास्तकारांच्या घरी जाऊन विचारायला शिकवलं. झोप लागते का, जेवण जातं का, कामात मन लागतं का. शेवटी विचारायचं, जीव नकोसा वाटतो का. आम्ही बायका म्हटल्या, असं कसं विचारायचं, नसलेला विचार त्याच्या डोक्यात यायचा. तेव्हा सांगितलं की विचारल्यानं तो विचार येत नाही. असला तर माणूस उलट मोकळा होतो. कितीतरी ओसऱ्यांवर बसून मी हे विचारलं. तुझ्यासमोर ताट ठेवताना तोंडातून शब्द निघेना. म्हणून कागदावर विचारते. बाबू, तुला जीव नकोसा वाटतो का? वाटत असेल तर मी रडणार नाही, बाबांना सांगणार नाही, पहिल्या गाडीनं येईन. नसेल वाटत तर तसं लिही. पण "काही नाही माय" एवढं लिहू नको.

तू यायच्या आधी मी फवारणीच्या औषधाचे डबे काकूच्या कोठ्यात कुलपात ठेवले. तुला म्हटलं, २०१७ साली फवारणीत आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली तेव्हापासून घरात ठेवत नाही. तुला खरं कारण कळलं असेल. कळलं असेल तर राग धरू नको.

मानेवाड्याहून मेडिकल, म्हणजे मोठा सरकारी दवाखाना, जवळ आहे. तिथं मानसोपचाराची ओपीडी आहे, मेयो दवाखान्यातही आहे. जिथं सोयीचं पडेल तिथं जा, पण सकाळी लवकर जा आणि केसपेपर काढ. यवतमाळचा कागद शर्टाच्या खिशात घालून पाठवते आहे, त्यावर गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम ते आहे. नवीन डॉक्टरांना सांग की मध्ये काही दिवस चुकल्या. आपल्या मनानं परत सुरू करू नको, आधी विचार. हे सांगायला लाजू नको, त्यांना रोज असे लोक भेटतात. तुला धास्ती आहे की दवाखान्यात नाव लागलं की ठेकेदाराला कळेल, पोलिसांना कळेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. ठेकेदार विचारायला गेला तरी त्याला कोणी सांगणार नाही. त्याला तू एवढंच सांग, दवाखान्यात जायचंय, अर्धा दिवस पाहिजे.

आणि रात्री-अपरात्री काही वाटलं, मला उठवायचं नसेल, तर १४४१६ लाव. टेली-मानस म्हणतात. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, चोवीस तास सुरू असतं, मराठीत बोलतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे आणि मी गावात कितीजणांना तो नंबर लिहून दिलाय. पण खरं सांगू, मला उठवलंस तर मला जास्त बरं वाटेल. मी तशीही जागीच असते.

बाबांचा गुडघा तसाच आहे. तुरी चांगल्या आहेत, पऱ्हाटीवर बोंडअळी दिसते. ताईचा फोन आला होता, तिनं तुझा नवीन नंबर मागितला. मी दिला नाही, तुला विचारून देईन. ती तुझी बहीण आहे, तिच्यावर राग किती दिवस ठेवायचा ते तू पाहा, मी मध्ये पडत नाही.

पहिल्या पगारातून घरी पैसे पाठवायची घाई करू नको. आधी एक गादी घे, जमिनीवर झोपून तुझी पाठ धरते. सुरेशभाऊ दोन दिवस नागपूरला थांबतील, परत येताना उत्तर त्यांच्याच हाती दे. मामींना म्हणावं लाडू एकच खा, त्यांची शुगर मागच्या वेळी वाढली होती.

तुझी
माय