चालती गाडी मधूनच बंद पडते, त्याची नीट तपासणी कोण करणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात जुन्या गाड्या घेणाऱ्यांसाठी अधूनमधून माहिती येते, मीटर मागे फिरवलाय का बघा, टायर बघा, इन्शुरन्स नावावर करून घ्या, सगळं बरोबर आहे. पण जुनी गाडी घेतलेल्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे चालती गाडी मधूनच बंद पडणं, तिच्याबद्दल कुठंच काही छापून येत नाही. रोज पडत नाही हो, हाच तर प्रॉब्लेम आहे, आठवडाभर झकास चालते आणि मग एखाद्या दिवशी सिग्नलला नाहीतर भर घाटात गप्प, पंधरा-वीस मिनिटं थांबून सेल्फ मारला की काही झालंच नाही अशी चालू. गॅरेजला नेली की तिथं बंद पडत नाही, दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेल्या पोरासारखं. आणि मग सुरू होतं ते अंदाजाने पार्ट बदलणं. हे थांबलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं म्हणून एवढं लांब पत्र लिहितोय.

आमच्या घरी एक बारा-तेरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली, कंपनीचं नाव इथं महत्त्वाचं नाही कारण हे कुठल्याही गाडीला होऊ शकतं. गाडी चांगली होती, इंजिन आवाज करत नव्हतं, पण उन्हाळ्यात तासभर चालली की बंद पडायला लागली. पहिल्या गॅरेजने प्लग आणि फिल्टर बदलले. दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला. मग थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारा भाग) साफ झाली, मग कॉइल (प्लगला स्पार्कसाठी करंट देणारी) नवी आली, मग कुणीतरी म्हणालं इंजिनचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम गेलाय, जुना सेकंडहँड बसवून बघू. प्रत्येक वेळी गाडी दोन-चार दिवस नीट चालायची आणि फिटरला वाटायचं झालं काम. यात कुणी लबाडी केली असं मी म्हणत नाही, पण एकानेही मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावून काही मोजलं नाही, गाडी बंद पडते त्या क्षणी नक्की काय तुटतं, करंट की पेट्रोल, हे कुणी बघितलंच नाही.

हा नुसता पैशाचा प्रश्न पण नाहीये. चालत्या गाडीचं इंजिन बंद झालं की पॉवर स्टीअरिंग जड होतं, आणि ब्रेकला जो बूस्टर असतो त्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळाच ब्रेक हलका लागतो, त्यानंतर पॅडल दगडासारखं होतं आणि पूर्ण ताकदीने दाबावं लागतं. खंबाटकी घाट चढताना मागे भरलेला ट्रक आणि तुमची गाडी गप्प, किंवा पसरणी घाट उतरताना वळणावर गप्प, विचार करा काय होईल. अशा वेळी ब्रेक पंप करत बसायचं नाही, एकदा दाबला की दाबूनच ठेवायचा, हझार्ड लावायचे, गाडी डाव्या कडेला घ्यायची आणि चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवायची नाही कारण स्टीअरिंग लॉक होऊ शकतं. हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही.

अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सला कोबाल्ट आणि तशाच छोट्या गाड्या मिळून सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण काय तर इग्निशन स्विच ढिला होता, जड कीचेन नाहीतर रस्त्याचा दणका बसला की चावी आपोआप मागे सरकायची, इंजिन बंद, स्टीअरिंग जड आणि एअरबॅग पण उघडायची नाही. नंतर कंपनीने जो भरपाई निधी ठेवला त्यात १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कंपनीच्या आत कित्येक वर्षं "गाडी चालता चालता बंद पडते" ही तक्रार सुरक्षेची नाही, ग्राहकाच्या गैरसोयीची आहे असं धरलं गेलं होतं. आपल्याकडे आजही गॅरेजमध्ये हेच चालतं ना, "जुनी गाडी आहे साहेब, एवढं तेवढं चालायचंच." नाही चालायचं. बंद पडणं हा ब्रेक फेल इतकाच गंभीर दोष मानला पाहिजे.

तपासणी कुठून सुरू करायची तर कागद पेनापासून, पाना नंतर. गाडी कधी बंद पडते ते लिहून ठेवायचं: थंड असताना की गरम झाल्यावर, उभी असताना की चढावर, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती होतं, खड्डा लागला होता का, पाऊस होता का, झटके मारत बंद पडली की स्विच बंद केल्यासारखी एका झटक्यात. या शेवटच्या प्रश्नात अर्धं उत्तर असतं बघा. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी आधी पिकअप सोडते, चढावर झटके मारते, मग मरते, तिथं फिल्टर, टाकीतली जाळी आणि पंप बघायचा, आणि बघायचा म्हणजे बदलायचा नाही तर प्रेशर गेज लावून मोजायचा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत २.५ ते ३.५ बारच्या आसपास प्रेशर असतं. सिग्नलला थांबताना किंवा एसी लावल्यावरच मरत असेल तर थ्रॉटलमधला कार्बन, आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवणारा) व्हॉल्व्ह, कुठंतरी चिरलेला व्हॅक्यूम पाइप. आणि एका झटक्यात बंद पडत असेल तर जवळपास नेहमी इलेक्ट्रिकल. मग क्रँक सेन्सर, रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), इग्निशन स्विच, अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची इंजिनला-बॉडीला जोडणी), नाहीतर कुठला तरी सैल जॉइंट.

क्रँक सेन्सरबद्दल थोडं जास्त लिहितो. इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला याच सेन्सरवरून कळतं, सिग्नल गेला की कॉम्प्युटर स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. बऱ्याच गाड्यांत आत बारीक तारेची कॉइल असते, वय झालं की गरम झाल्यावर ती आतून तुटते आणि गार झाली की परत जुळते. गाडी गिअरमध्ये अजून घरंगळत असताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आला तर पहिला संशय याच्यावर घ्या, कारण चाकांमुळे इंजिन तेव्हा फिरतच असतं, काटा शून्यावर आला म्हणजे सिग्नल गेला. गरम इंजिनवर सेल्फ मारताना स्कॅनरमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचायचं यंत्र) आरपीएम शून्य दाखवत असेल तरी तेच. आपल्याकडे पूर्वीपासून गाडी गरम होऊन बंद पडली की "व्हेपर लॉक झालाय", म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन ते अडलंय, म्हणून ओलं फडकं टाकायची पद्धत आहे, २००० च्या आधीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांना ते खरं होतं, पण टाकीतल्या पंपाने प्रेशरखाली पेट्रोल येणाऱ्या गाडीत ते क्वचितच होतं. फडक्याने गाडी चालू होते असं वाटतं कारण तेवढ्या वीस मिनिटात सेन्सर पण गार होतो, रिले पण गार होतो, सगळंच गार होतं, मग श्रेय फडक्याला.

आमच्या गाडीत मात्र क्रँक सेन्सर पण चांगला निघाला. शेवटी कराडच्या एका वायरिंगवाल्याने जे केलं ते मला प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून लावावंसं वाटतं. त्याने काहीही बदललं नाही. १२ व्होल्टचे दोन छोटे बल्ब घेतले, एक पंपाच्या सप्लायला जोडला, एक कॉइलच्या सप्लायला, आणि लांब वायर टाकून, मध्ये फ्यूज लावून, दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर चिकटवले. म्हणाला, आता गाडी वापरा, बंद पडेल त्या क्षणी कुठला बल्ब विझला ते बघा, पण चावी बंद करायची नाही. पुढे समजावून पण सांगितलं की इंजिन थांबलं की पंप कॉम्प्युटर स्वतःच बंद करतो, त्यामुळे पंपाचा बल्ब विझला यावरून लगेच पंपाच्या लाइनला दोष द्यायचा नाही, पण कॉइलचा बल्ब चावी ऑन असेपर्यंत जळलाच पाहिजे, इंजिन फिरो न फिरो. पुढच्या वेळी गाडी बंद पडली तेव्हा चावी ऑन, डॅशबोर्डचे दिवे चालू, आणि कॉइलचा बल्ब विझलेला. म्हणजे सेन्सर नाही, पंप नाही, कॉइल नाही, ईसीएम तर नाहीच, कॉइलपर्यंत करंटच पोचत नव्हता.

मग तो वायर धरून मागे मागे गेला आणि स्टीअरिंगच्या खाली सापडलं. आधीच्या मालकाने कधीतरी बाहेरून चोर-अलार्म बसवून घेतला होता, त्याचा रिमोट आम्हाला मिळालाच नव्हता, अलार्म मेलेला, पण इंजिन कट करणारा त्याचा रिले इग्निशनची वायर मधोमध कापून तसाच जोडलेला. रिलेचे पॉइंट जळालेले, जॉइंट नुसते पिळून टेप मारलेले, उन्हाने टेपचा डिंक वितळलेला. गरम झालं की कॉन्टॅक्ट सुटायचा, गार झालं की जुळायचा. त्याने रिले काढून टाकला, वायर सोल्डर करून जोडली, वर स्लीव्ह घातली, आणि तेव्हापासून गाडी बंद पडलेली नाही.

म्हणून जुनी गाडी घेताना बाहेरून काय काय बसवलंय हे विचारा. अलार्म, सेंट्रल लॉक, मोठा म्युझिक सिस्टिम, नंतर बसवलेलं सीएनजी किट. किट बसवताना तर बऱ्याचदा इंजेक्टरच्या वायरी कापून जोडतात, तो प्रत्येक जॉइंट पुढे संशयित असतो. शिवाय सीएनजीवर चालवणारे टाकीत पेट्रोल जेमतेम ठेवतात, आणि टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो हे लक्षात येत नाही. कोकणातल्या गाड्यांना आणखी एक दुखणं, खाऱ्या हवेने इंजिनची अर्थिंगची पट्टी आतून सडते. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटर लावायचा, अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवला तर अर्थिंग खराब, पाच मिनिटांचं काम आहे आणि साधा मीटर काही महाग नसतो.

स्कॅनरबद्दल पण गैरसमज फार आहे. आपल्याकडे बीएस-४ (प्रदूषणाच्या नियमाचा टप्पा) गाड्यांना २०१० पासून ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे फॉल्ट कोडमध्ये नोंदवायची सोय, आलं आणि २०१३ पासून ओबीडी-२, त्यामुळे स्कॅनर लावला, कोड नाही आला, म्हणजे गाडीत फॉल्ट नाही असं बिनधास्त सांगतात. कोड तेव्हाच येतो जेव्हा कॉम्प्युटरला स्वतःला काही चुकलेलं कळतं, त्याचाच सप्लाय क्षणभर तुटला तर तो काय लिहून ठेवणार? आणि कृपा करून स्कॅनर लावायच्या आधी बॅटरीची टर्मिनल काढू नका, बऱ्याच गाड्यांत होते नव्हते ते कोड त्यानेच पुसले जातात.

सध्या तर काहीही झालं की ई२० पेट्रोलवर (ज्यात वीस टक्के इथेनॉल असतं) ढकलायचं चाललंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं हे खरं, जुन्या टाकीतला गाळ सुटून जाळी चोक होऊ शकते हेही खरं, आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत त्यामुळे लोकांची काळजी रास्त आहे. पण ते प्रेशर मोजून आणि फिल्टर उघडून ठरवा ना. आमच्या गाडीच्या बाबतीत पण दोन जणांनी इथेनॉलच सांगितलं होतं.

आता माझं म्हणणं गॅरेजवाल्यांना आणि आपल्या सगळ्यांनाच. तपासणी हे काम आहे आणि त्याचे पैसे द्यायची आपली तयारी पाहिजे. आपण पार्टचे पाच हजार मुकाट देतो पण फिटरने दोन तास मीटर घेऊन शोधलं आणि हजार रुपये मागितले तर "नुसतं बघायचे पैसे?" म्हणतो, मग तो तरी कशाला शोधेल, पार्टच बदलेल. त्या कराडच्या माणसाने फार थोडे पैसे मागितले, त्याला खरं तर सगळ्यात जास्त मिळायला पाहिजे होते. आणि गॅरेजनी पण जॉब कार्डवर लिहून द्यावं, गाडी काय परिस्थितीत बंद पडत होती, काय मोजलं, किती आलं, मग कुठला पार्ट का बदलला. काढलेला जुना पार्ट ग्राहकाला परत द्यावा. न तपासता पार्ट बदलला आणि दोष तसाच राहिला तर बिल घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, पण त्यासाठी पक्कं बिल लागतं, जे आपण मागत नाही.

सरकारकडून जुन्या गाडीवाल्याला फारशी मदत नाही. १ एप्रिल २०२१ पासून सदोष गाड्या परत बोलवायचा सक्तीचा नियम आला तो सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. पंधरा वर्षांनी पासिंगला गेलं की गाडी थोडा वेळ चालू करून बघतात, पीयूसीत धूर मोजतात, मधूनच बंद पडणारी गाडी दोन्हीकडे पास होते. निदान जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरना तरी बाहेरून बसवलेल्या वायरिंगची आणि अशा तक्रारीची माहिती लिहून द्यायला लावावी, परिवहन खात्याने हे फॉर्ममध्ये एका ओळीत घालता येईल.

आपल्या वाहन पुरवणीत एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं, आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या पोरांना पण उपयोग होईल, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जि. सातारा