भर भरतीत ‘सागरी अभ्यास’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या शाळेच्या कोकण सहलीची कालच्या अंकातली बातमी वाचली. मुलांनी म्हणे सागरी जीवसृष्टी जाणून घेतली. वेळ तुम्हीच छापली आहे: पौर्णिमा, दुपारी बारा. म्हणजे ऐन उधाणाची भरती! जीवसृष्टी पुरुषभर पाण्याखाली. मुलांनी जाणून घेतला तो फार तर भेळवाला.

भरतीची वेळ काढणं अवघड नाही. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. द्वितीया ते चतुर्थी मुलांना न्यायला उत्तम. पाणी लांब हटतं, ऊनही कोवळं असतं. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरायचं, हटत्या पाण्यामागे जायचं आणि पाणी फिरलं की निमूट परतायचं. अष्टमीला भांग, पाणी फारसं हटतच नाही. आपल्याकडे मात्र तारीख ठरते बसवाल्याच्या सोयीने. आपल्या फुटाळा तलावावर चालतं ते.

शिवाय नेलं कुठे, तर वाळूच्या पुळणीवर! खडकाळ किनारा हवा. कातळातल्या खळग्याशी सावली न पाडता पाच मिनिटं गप्प बसलं की शंख चालू लागतो. आत साधूखेकडा असतो. कोरड्यावर चिकट गोळा दिसणारं समुद्रफूल पाण्यात उमलतं. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात सुकून मरतात. चपला शेवाळावर घसरतात आणि कालवांच्या कडा पाय कापतात, म्हणून पकड असलेले बूट लागतात.

आता तुमचा फोटो. तळहातावर तारामासा, शेजारी हसणारे सर. तारामासा श्वास घेतो तो पाठीवरच्या नाजूक कल्ल्यांतून आणि नळीसारख्या पायांतून, तोही पाण्यात. दाखवायचाच तर समुद्राचं पाणी भरलेल्या पारदर्शक डब्यात दाखवावा, आणि लगेच जागच्या जागी सोडावा. पोवळ्याचे तुकडे आठवण म्हणून आणले, हेही कौतुकाने छापलंत! पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. ताडोब्याहून कोणी वाघनख आणलं असतं, तर असंच चौकटीत छापलं असतंत?

जाता जाता: रोजचं पंचांग काढून तुम्ही राशिभविष्य दुप्पट केलंत. निदान तिथी तरी छापा, म्हणजे सहल काढणाऱ्या सरांना भरती कळेल.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर