कलमाबरोबर रोगही घरी येतो

संपादक महोदय,

पावसाळा लागला की मोसंबी, संत्री, लिंबाची कलमे घेऊन कुळागरात लावण्याची घाई होते. पाने हिरवीगार दिसली की आपण खूश. पण ट्रिस्टेझा विषाणू किंवा एक्झोकॉर्टिस व्हायरॉइड (विषाणूहूनही लहान रोगकारक) असलेले मातृझाड, म्हणजे ज्यावरून कलमासाठी डोळे घेतात ते झाड, वरून निरोगी दिसू शकते. एक्झोकॉर्टिस असलेल्या झाडाचा डोळा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळांकडच्या रोपावर) बांधला, तर काही वर्षांनी खुंटाची साल तडकून सुटते, झाड खुरटते. नंतर औषध फवारून उपयोग नाही. हा रोग फवारणीने जात नाही.

एक्झोकॉर्टिस चाकू-कात्रीनेही पसरतो. चाकू आचेवर धरणे किंवा स्पिरिटने पुसणे याला पुरत नाही. पाच टक्के क्लोरीनच्या घरगुती ब्लीचचा एक भाग, पाणी चार भाग, असे द्रावण रोज ताजे करावे. मातृझाड बदलताना पाते आधी पुसून त्यात बुडवावे, मग पाण्याने धुऊन तेलाचा हात फिरवावा, नाहीतर गंजते. ट्रिस्टेझा मात्र माव्यामुळेही पसरतो, म्हणून मातृझाडे कीटकरोधक जाळीतच हवीत.

रोपवाटिकेत दरापेक्षा आधी विचारा: मातृझाडाची विषाणू आणि व्हायरॉइड तपासणी केव्हा झाली?

— एक बागायतदार, सत्तरी