‘मुंगी चावेल’ असं न म्हणणाऱ्या सिस्टरांना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

ॲलर्जी चाचणीच्या खोलीत तुमच्या हाताखाली काम शिकलेल्या निवासी डॉक्टरांचं हे पत्र. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून नाव घालत नाही. पण आभार मात्र जाहीर मानायचे आहेत. तुम्ही जे करता ते समोर बसलेल्या रुग्णाला कळतही नाही, आणि हातात सुई धरणाऱ्या प्रत्येकाने ते शिकावं असं आहे.

टोचण्याआधी जो तो म्हणतो, “मुंगी चावल्यासारखं होईल, बस.” म्हणणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तुम्ही ते कधीच म्हणत नाही. तुमचं वाक्य ठरलेलं: “थेंबावर हलकं टेकवते. श्वास सोडा.” आणि श्वास सुटत असतानाच लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, टेकलेली असते. २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळंतपणासाठी आलेल्या १४० स्त्रियांना पाठीत बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं होतं. निम्म्या जणींना सांगितलं, “मोठी मधमाशी डसल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग.” बाकीच्यांना सांगितलं, “जागा बधिर करतोय, मग त्रास होणार नाही.” दहापैकी किती दुखलं असं विचारल्यावर मधला आकडा पहिल्या गटात ५ आला, दुसऱ्यात ३. औषध आणि टोचणं दोन्हीकडे सारखंच होतं.

हा ‘मनाचा खेळ’ म्हणून सोडून द्यायचा प्रकार नाही. आराम पडेल अशी खात्री वाटली की मेंदूतून मज्जारज्जूकडे निरोप जातो आणि वेदनेचा संदेश वर चढण्याआधीच दाबला जातो. त्यात शरीराचीच अफूसारखी द्रव्यं, एंडॉर्फिनं, वापरली जातात. १९७८ साली लेव्हीन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना नॅलोक्सोन दिलं. हे औषध मॉर्फिनचा असर अडवतं. बिनऔषधाच्या इंजेक्शनने ज्यांना आराम पडला होता त्यांचं दुखणं ते दिल्यावर वाढलं. भीतीचा रस्ता उलटा जातो. घाबरलेल्याला खरोखरच जास्त दुखतं, नाटक म्हणून नव्हे.

खरी शिकवण मात्र हिस्टामिनच्या थेंबाची. ॲलर्जीत खाज आणि सूज आणणारं द्रव्य ते हेच. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. या चाचणीत हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने खुणा करून धूळ, परागकण, बुरशी यांचे थेंब ठेवतात आणि प्रत्येक थेंबातून कातडीला जेमतेम टोचतात. रक्त आलं तर टोचणं खोल गेलं, तो निकाल भरवशाचा नाही. दोन थेंबांत २ सेंटिमीटर अंतर हवं, नाहीतर शेजारच्या गांधी, म्हणजे कातडीवर उठणारे फुगवटे, एकमेकींत मिसळतात. सोबत दोन थेंब तुलनेसाठी असतात: एक नुसत्या सलाइनचा, तिथे काही उठायला नको, दुसरा हिस्टामिनचा, तिथे गांध उठायलाच हवी. ती उठली नाही तर बहुधा रुग्णाने सर्दीची किंवा खाजेची गोळी घेतलेली असते, आणि अख्खी चाचणी फुकट जाते. म्हणून आठवडाभर आधीच गोळी बंद करायला सांगतात. तुम्ही त्यापुढे जाऊन गोळ्यांची पाकिटंच सोबत आणायला लावता. ‘साधी तापाची गोळी’ म्हणून घेतलेल्या गोळीतही खाजेचं औषध मिसळलेलं असू शकतं, हे त्या पाकिटांवरून कळतं.

तर हिस्टामिनचा थेंब. बाकी खोल्यांत तो गुपचूप टाकतात. तीन-चार मिनिटांत तिथे लाल होतं, मध्ये फुगतं, खाज सुटते, आणि रुग्णाला वाटतं की आपल्याला काहीतरी भयंकर होऊन राहिलं. मग बाकीच्या जागाही खाजायला लागतात. तुम्ही आधीच बोट ठेवून सांगता, “इथे गांध येणार. सगळ्यांनाच येते, मलापण येईल. ती आली म्हणजे चाचणी बरोबर चालली.” तीच गांध, पण आता ती शुभशकुन. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या ५० मुलांवर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात असंच काहीसं पाहिलं गेलं, २०१९ साली ते छापून आलं. शेंगदाण्याचा डोस हळूहळू वाढवताना तोंडाला खाज सुटणं, पोटात गुडगुडणं असे किरकोळ त्रास होतातच. ते उपचार लागू पडत असल्याची खूण आहेत असं ज्या घरांना समजावलं, तिथली काळजी कमी झाली आणि डोस वाढत गेले तशी लक्षणंही कमी राहिली.

आणि मग ती पंधरा मिनिटं. तुम्ही “खाज सुटली का?” विचारत नाही. “कसं वाटून राहिलं?” एवढंच. उत्तर रुग्णाच्या तोंडात घालायचं नाही, हे तुमच्याकडून शिकलो. थेंब घासून न पुसता टिपून घेता, गांध मोजता आणि सांगता, “आता इथून पुढे उतरत जाईल.” हे वाक्य खोटं नाही. हिस्टामिनची गांध साधारण तोवर माथ्यावर येऊन गेलेली असते आणि मग बसायला लागते. स्टॅनफर्डच्याच २०१८च्या अभ्यासात डॉक्टरने एवढा धीर दिला तरी खाज कमी झाली, औषध काहीच लावलेलं नव्हतं. मात्र सांगणारा कसा वागतो त्यावरही पुष्कळ अवलंबून असतं. त्याआधीच्या, २०१७च्या अभ्यासात बिनऔषधाच्या क्रीमबद्दल तेच शब्द दोन तऱ्हेने सांगून पाहिले होते. आपुलकीने आणि सफाईने बोलणाऱ्याचे शब्द लागू पडले, तुटक आणि गोंधळलेल्याचे फिके पडले. ट्रे लावताना तुमची जराही शोधाशोध नसते, ती याचसाठी, असं आम्हाला वाटतं.

आपल्या भागातल्या लोकांना हे नवल वाटू नये. बिबा उतलेला माणूस पुढे बिब्याचं झाड पाहूनच अंग खाजवायला लागतो. जपानमधलं लाखेचं झाड बिब्याच्याच कुळातलं, त्याच्या चिकानेही अंगावर तसेच फोड येतात. १९६२ साली इकेमी आणि नाकागावा यांनी शाळेतल्या १३ मुलांच्या हातांना पानं लावली. साध्या पानाला विषारी म्हटलं तर कातडी लाल झाली. खऱ्या विषारी पानाला साधं म्हटलं तर बहुतेकांना काही झालं नाही. प्रयोग लहान आहे, जुना आहे, त्यावर सगळी इमारत उभी करू नये. पण १९८४ साली गिनीपिगांवरही दिसलं, की एखादा वास ॲलर्जीच्या पदार्थासोबत वारंवार दिला तर पुढे नुसत्या वासानेही रक्तात हिस्टामिन वाढतं. स्पिरिटचा बोळा उघडताच काहींचा चेहरा का बदलतो, ते यावरून थोडं समजतं.

याची दुसरी बाजू तुम्ही आम्हाला कधी विसरू दिली नाही. चाचणी चालू असताना रुग्ण पांढराफटक पडला तर दोन शक्यता. भीतीची चक्कर असेल तर नाडी मंद, कातडी गार आणि घामेजलेली, अंगावर गांधी नाहीत. आडवं करून पाय उचलले की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस सावरतो. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, असेल तर नाडी धावते, बहुधा अंगभर गांधी उठतात, आवाज बसतो, खोकला थांबत नाही, उलटी होते. तिथे धीराच्या शब्दांनी काम भागत नाही. ॲड्रेनॅलिन, एक मिलिलिटरच्या ॲम्प्युलमधलं अर्धं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला. मुलांना किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. फरक पडला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा. रुग्णाला उठवून बसवायचं नाही, चालवायचं तर नाहीच. दम लागला असेल तरच टेकून बसू द्यायचं. कोणती शक्यता आहे हे कळत नसेल तर ॲड्रेनॅलिन द्यायचं. ती ॲम्प्युल आणि सिरिंज रोज सकाळी तुम्ही स्वतः तपासता, म्हणूनच तुमचा शांत आवाज आम्हाला कधी पोकळ वाटला नाही.

मे महिन्याचंही सांगायला हवं. पंचेचाळीस अंशांत ऑटोतून आलेल्याला तुम्ही लगेच खुर्चीत घेत नाही. दहा मिनिटं पंख्याखाली, एक ग्लास पाणी, हात कोरडा पुसणं. तहानलेल्याला चक्कर लवकर येते आणि घामाने थेंब ओघळतात. छोटी गोष्ट आहे, पण कोणत्याही पुस्तकाने आम्हाला ती शिकवली नव्हती.

तुमची वाक्यं आम्ही कागदावर उतरवून ट्रेच्या वर चिकटवली आहेत. लहान मुलांची मात्र अजून लिहून घेतलेली नाहीत. “कोणता हात देतोस, हा की तो?” इथपर्यंत आठवतं. “दुखणारच नाही” असं मुलाला सांगायचं नाही, कारण एकदा फसवलेलं मूल पुढच्या वेळी दारातच रडतं, हेही आठवतं. दोन्ही हात मागे लपवणाऱ्या मुलाशी तुम्ही नेमकं काय बोलता, ते सांगाल का? कागदावर तेवढी जागा सोडली आहे.

मनापासून आभार.

आपले,
त्वचारोग विभागातले निवासी डॉक्टर
नागपूर