शनिवारची बैठक: पियानो आणि सॅक्सोफोन

मंडळी, येत्या शनिवारी संध्याकाळी 6 ला धरमपेठेत आपल्या नेहमीच्या हॉलवर पियानो-सॅक्सोफोनची जोडी येतेय, बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना घेऊन त्यात जॅझवाले करतात तशी ऐनवेळी सुचेल ती भर घालत जातात, आपल्याकडे बंदिश धरून गायक आलाप-ताना घेतो ना, साधारण तसंच. बाख गेला 1750 ला, सॅक्सोफोनचं पेटंट 1846 चं, तरी दोघांचं काय जमतं, ऐकाच!

- वाजवणं सुरू असताना कूलर बंद राहील, त्या घरघरीत सॅक्सचे हळू सूर ऐकूच येत नाहीत. पाण्याची बाटली आणा.
- पियानो दुपारीच ट्यून होणार, नंतर कुणीही हात लावायचा नाही, मुलांनाही सांगून ठेवा.
- खुर्च्या 60 च, गुरुवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.
- मोबाईल सायलेंट.