रेकॉर्ड रूममधील ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

गेल्या मे महिन्यात, नागपूरच्या रणरणत्या उन्हात, वडिलांची जुनी फाइल मागायला आपल्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी आलेला मुलगा आपणास आठवत असेल किंवा नसेलही. आमच्या घरी मात्र आपला विषय वरचेवर निघतो.

वर्षानुवर्षे खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाल्ल्याने बाबांना 2021 मध्ये गालाचा कॅन्सर झाला. शस्त्रक्रियेनंतर 30 वेळा शेक, म्हणजे रेडिएशन; एकूण डोस 60 ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक). चार वर्षांनी त्याच बाजूला मानेत गाठ आली. ती काढता आली, परंतु आजार गाठीच्या आवरणाबाहेर गेल्याचे अहवालात दिसले आणि पुन्हा शेक देण्याचा विचार सुरू झाला. पहिल्या वेळी मज्जारज्जूला आणि मानेतल्या मोठ्या धमनीला नेमका किती डोस गेला, हे कळल्याशिवाय नवा आराखडा करणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कारण मज्जारज्जू जुन्या डोसातून पुरता सावरत नाही आणि मर्यादा ओलांडली तर हातपाय लुळे पडू शकतात. धमनी फुटण्याचा धोकाही त्यांनी बाबांसमोरच सांगितला. आमच्याजवळच्या डिस्चार्ज कार्डावर फक्त एकूण डोस होता.

‘जुने सापडणार नाही’ हे उत्तर ऐकायच्या तयारीनेच मी आलो होतो. आपण मात्र दोन दिवस गठ्ठे उपसले आणि नावापुढे ‘राव’ लागल्यामुळे भलत्याच गठ्ठ्यात गेलेली फाइल शोधून काढली. गंजलेल्या पिनेने टोचलेल्या पाकिटात सीडी होती. ती तशीच हातात न देता आपण संगणकावर लावून पाहिली आणि त्यात नुसता स्कॅन नसून डोसचा आराखडाही आहे, याची आपल्या फिजिसिस्टकडून (रेडिएशनच्या डोसचे गणित पाहणाऱ्या तज्ज्ञाकडून) खात्री करून घेतली. एवढे कोण करते?

जुना आणि नवा स्कॅन एकावर एक ठेवून नव्या शेकाचा भाग आखडता घेण्यात आला, मज्जारज्जू शक्य तितका वाचवला गेला आणि जुलैअखेर उपचार पूर्ण झाले. मानेची कातडी राठ झाली आहे, तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, पण तीन महिन्यांनंतरच्या पेट स्कॅनमध्ये आजार दिसलेला नाही. बाबा मऊ वरणभात स्वतःच्या हाताने जेवतात.

सीडीची प्रत आम्ही करून घेतली आहे. मूळ सीडी परत करायला बाबा स्वतः येणार आहेत; रजिस्टरवर सहीही स्वतःच करणार, असा त्यांचा हट्ट आहे.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा